सफरचंदाची ब्रँडी आणि चार नंबरचा ताड

आपल्या आठवणीतली चव करून दे म्हणणाऱ्या माणसापुढे कधी उभं राहू नये. मी राहिलो. दोन महिने राहिलो, रोज दिवेलागणीच्या आधी, हातात तबक आणि तबकात एक पेला घेऊन. साहेब एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवून म्हणायचा, “वो नहीं.” कुठली ‘वो’, हे त्या माणसाला एकदाही धड सांगता आलं नाही.

तेव्हा मी कल्याणला होतो. आधी सहा वर्षं स्टेशनवरच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये काउंटरच्या मागे काढली. गाडी थांबली की गोऱ्या उतारूंना सोडा, ब्रँडी, बिअर द्यायची आणि गाडी सुटली की पेले विसळायचे. एकदा मुंबईहून आलेल्या एका बाटलीचं बूच काढताच मी म्हणालो की हिच्यात पाणी आहे. समोर पुलांचं काम बघणारा इंजिनियर साहेब बसला होता. त्याला गंमत वाटली. त्याने बाटली मागून घेतली, चाखली आणि पुढच्या महिन्यात मला आपल्या बंगल्यावर बटलर म्हणून नेलं.

मला ते कसं कळलं, यात कसलीही जादू नव्हती. आम्ही जातीने भंडारी. ताडावर चढायचं, ताडी काढायची, तिची दारू गाळायची, हा घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. बाबा दारू जिभेवर घेऊन पारखत नसत. एक थेंब डाव्या तळहातावर टाकायचा, उजव्या तळव्याने चोळायचा आणि ओंजळ नाकाशी न्यायची. आधी येतो तो वास सोडून द्यायचा आणि तळहात गरम झाल्यावर जो राहतो तो धरायचा. मला हे लहानपणापासून येत होतं. लिहायला-वाचायला मराठी चार इयत्ता, इंग्रजी बोलायला कामापुरती, वाचायला अजिबात नाही, एवढी माझी विद्या. तिच्यात पोट भरण्याजोगं काही असेल तर ते हे तळहात होते.

धंदा मात्र राहिला नव्हता. ठाण्याहून घोडबंदरच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला आमचं गाव. तिथे आमचे सात ताड. सरकारचा नवा अबकारी कायदा आला, झाडांना नंबर पडले आणि ज्याच्याकडे परवाना त्यानेच झाड छेदून ताडी काढायची असं ठरलं. परवाने मोजक्यांना मिळाले. आम्हाला नाही मिळाला. मी तीन वर्षं तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. बाबा रोज सकाळी अंगणात उभं राहून त्या सात झाडांकडे मान वर करून बघायचे आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. मी घरी गेलो की आई मला बाजूला घेऊन एवढंच विचारायची, “काय झाला का रं त्याचा?” मला ते ऐकवत नसे.

एवढ्यात साहेबाच्या मेहुण्याने अमेरिकेहून एक खोकं पाठवलं. गवतात गुंडाळलेल्या सहा बाटल्या. सफरचंदाची ब्रँडी. सफरचंद मी तोवर दुकानात टांगलेल्या चित्रातच पाहिलं होतं. साहेब तरुणपणी अमेरिकेत रेल्वेच्या कामावर होता आणि तिथे एका खाणावळीत त्याने व्हिस्की आणि ही ब्रँडी एकत्र केलेलं कॉकटेल प्यायलं होतं. ते त्याला आता पुन्हा हवं होतं. मी म्हटलं, “साहेब, त्यात काय काय होतं?” तो म्हणाला, व्हिस्की, ही ब्रँडी, थोडी साखर, कडू अर्काचे थेंब, बर्फ. मी म्हटलं, “किती किती?” तो म्हणाला, “बराबर बराबर.” मी म्हटलं, “चव कशी होती?” त्यावर त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, “बाहर बहुत बरफ था. बहुत अच्छा था.”

आता यावरून काय करायचं ते करा.

पण त्याच संध्याकाळी, त्याचा जरा मोकळा मूड बघून, मी त्याच्या कानावर ताडांची गोष्ट घातली. परवान्यासाठी एखाद्या गोऱ्या साहेबाची शिफारस असली तर कचेरीत अर्ज हलतो, असं मला स्टेशनवरच्या लोकांनी सांगितलं होतं. साहेबाने ऐकून घेतलं आणि पेल्याकडे बोट दाखवलं. “ये बराबर बनाओ. हम चिट्ठी देगा.” त्याने थट्टेत म्हटलं असेल, पण मी ते गाठीला बांधलं. सहा बाटल्या संपायच्या आत ती चव सापडली तर बाबा पुन्हा झाडावर चढतील, एवढं सरळ गणित माझ्या डोक्यात बसलं.

व्हिस्की आणि ही ब्रँडी यांचं एकमेकींशी अजिबात पटत नव्हतं. अर्धी-अर्धी घातली की व्हिस्कीचा धूर वर आणि सफरचंदाचा पत्ता नाही. ब्रँडी वाढवावी तर आधी छान गोडसर वास, आणि मग घसा ओरबाडून काढायची. साखर वाढवली की औषध व्हायचं. कडू अर्काचे दोनाचे चार थेंब केले की वैद्याचा काढा. कमी केले की सगळं मिळमिळीत. लिंबाची साल पिळून बघितली, साल नुसती काठावर फिरवून बघितली. एक दिवस व्हिस्की आधी, एक दिवस ब्रँडी आधी. साहेबाची मान काही हलायची थांबेना.

आणि चाखायची सोय नाही. पहिल्याच दिवशी साहेबाने प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि मला हसून दाखवली. रोज पेला झाला की रेघ खाली. मी दारू पिऊन झिंगणारा माणूस नव्हे, पण ज्या पदार्थाचा तोल साधायचा तो तोंडात घ्यायचा नाही, ही कुठली पद्धत? आमच्याकडे आमटी चाखत नाहीत ते खरं, पण ती नैवेद्याची म्हणून, आणि तिथे वीस वर्षांचा हात असतो. इथे सगळं नवं. मग मी आपला एक थेंब तळहातावर घ्यायचो, चोळायचो. साहेबाने एकदा ते पाहिलं आणि नाक मुरडून म्हणाला, “हाथ मत लगाओ.” त्यानंतर तेही स्वयंपाकघराच्या दाराआड करावं लागलं. माझ्याच कामात मी चोर झालो.

बर्फाने तर अंत पाहिला. तो मुंबईहून गाडीने यायचा, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. कल्याणला पोचेपर्यंत ढेपेचा डोळे बारीक करून बघावा असा तुकडा उरायचा. माघ होता तोवर ठीक होतं. फाल्गुन लागला आणि पेल्यात टाकलेला बर्फ मी स्वयंपाकघरातून व्हरांड्यात जाईपर्यंत निम्मा पाणी व्हायला लागला. म्हणजे मी आत बांधलेला तोल व्हरांड्यात पोचेपर्यंत मोडलेला. मी साहेबाला सुचवलं की बाटल्याच ओल्या फडक्यात गुंडाळून गार ठेवू, बर्फ फक्त ढवळताना घालू आणि काढून टाकू. तो म्हणाला, नाही, अमेरिकेत बर्फ पेल्यात होता. अमेरिकेत बाहेरही बर्फ होता, हे तूच सांगितलंस ना बाबा, मग तो पेल्यात विरघळणार कसा? इथे अंगणात पापड करपतायत. हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने “जी साहेब” म्हटलं.

एके दिवशी तर त्याने स्वतःच करून दाखवायचं ठरवलं. चांदीचं माप घेतलं, निम्मं टेबलावर सांडलं, जोरजोरात ढवळलं, चाखलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू ते मीच केलं होतं. “साखर का माप,” तो म्हणाला. “गलती साखर का है.” त्यानंतर रोज साखरेच्या मापावर व्याख्यान.

चूक साखरेत होती हे मलाही कळत होतं, पण मापात नव्हती. बंगल्यावर मॉरिशसहून येणारी पांढरीशुभ्र मोरस साखर होती. ती नुसती गोड. तिला स्वतःचं काही म्हणणंच नाही. कमी घाला, जास्त घाला, ती त्या दोघींच्या भांडणात पडतच नव्हती. एकदा मी गुपचूप कल्याणच्या बाजारातला उसाचा गूळ विरघळवून घातला. पेला गढूळ झाला आणि वर उसाच्या चिपाडाचा वास. साहेबाने तो घोट व्हरांड्याच्या कठड्यावरून बाहेर थुंकला. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

चार बाटल्या संपल्या. मी हात टेकले. साहेब रोज न चुकता एक घोट घेऊन “फेंक दो” म्हणायचा, आणि मी रोज मागच्या तुळशी-गवती चहाच्या वाफ्यात तो पेला रिकामा करायचो. त्या वाफ्यातला गवती चहा त्या वर्षी मेला. एका शनिवारी मात्र मी ढवळायच्या भांड्यात उरलेलं, साहेबाच्या ओठाला न लागलेलं, औषधाच्या एका बाटलीत भरून बूच लावलं आणि रविवारची सुट्टी मागून गावी गेलो.

बाबा पडवीत दोर वळत बसले होते. पासष्टीच्या पुढचे, अंगाने सुकलेले, पण तळपाय अजून झाडाच्या सालीसारखे. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली, वर आलेले बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघितलं. मग थेंब तळहातावर टाकला, चोळला आणि ओंजळ नाकाशी नेऊन कितीतरी वेळ तशीच ठेवली. दोन महिन्यांत त्या दारूचं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

“दोन आगी हायत ह्या,” ते म्हणाले. “येक धुराची, येक फलाची. दोघी भांडतान. मधी कोन नाय.”

“साखर घातलीय ना, बाबा.”

“साखर काय करल? ती दोघींना बरा म्हनते.”

हे मला गेले दोन महिने सांगता येत नव्हतं. बाबांनी ते बसल्या जागी सांगितलं. मी काही बोलायच्या आत ते उठून आत गेले आणि एक लहान बुधला घेऊन आले. त्यात ताडाची काकवी होती. पहाटे उतरवलेल्या गोड रसाची, चुना लावलेल्या मडक्यातली, मंद आचेवर आटवून दाट केलेली. मी थेंब बोटावर घेतला. गोड तर होतीच, पण त्या गोडाला आतून धूर होता आणि अगदी शेवटी पिकल्या फळाचा आंबूस वास. दोघींचीही नातेवाईक.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “बाबा, ही ताजी आहे.”

“हाय.”

“म्हणजे तू झाड छेदतोस?”

“येकच,” ते म्हणाले. “चार लंबरचा. मागल्या अंगाला हाय, कोनाला दिसत नाय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिकडे मी परवान्यासाठी साहेबाच्या नाकदुऱ्या काढतोय, त्याचं थुंकणं बघतोय, आणि इकडे हे पहाटे उठून बिनपरवान्याच्या झाडावर. कुणी बघितलं तर परवाना राहिला बाजूला, हातात बेडी. मी तसं म्हणालो, आणि फार मोठ्याने म्हणालो. आई आतून बाहेर आली. बाबांनी दोर बाजूला ठेवला.

“हात इसरतो रं,” ते म्हणाले. “तीन वर्सां झाली. परवाना येल तवा हात नसला तर काय करू?”

हे ऐकून माझा राग आणखीच वाढला आणि मी जेवलो नाही. पण निघताना तो बुधला पंच्यात गुंडाळून बरोबर घेतला. बाबांनी मला पाठीमागून सांगितलं की काकवी आधी फळाच्या दारूत घाल, दुपारपासून मुरू दे आणि धुराची शेवटी घाल. मी मागे वळून बघितलं नाही, पण ऐकलं सगळं.

सोमवारी तसंच केलं. दुपारी ब्रँडीत एक लहान चमचा काकवी घालून झाकून ठेवली. संध्याकाळी तेवढीच व्हिस्की, कडू अर्काचे तीन थेंब, बर्फावर ढवळून बर्फ काढून टाकला. साहेबाला पेल्यात बर्फ हवाच असायचा म्हणून एक एवढासा तुकडा वरून सोडला आणि जवळजवळ धावत व्हरांड्यात गेलो. तळहातावर मी आधीच बघितलं होतं. धूर होता, फळ होतं, आणि भांडण मिटलेलं होतं.

साहेबाने घोट घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली नाही. दुसरा घोट घेतला. चष्मा काढून मांडीवर ठेवला. तो खडवलीच्या पुढच्या पुलांवरून उन्हात भाजून आला होता आणि त्याच्या बुटांना गाळ होता. त्याने तिसरा घोट घेतला. मग म्हणाला, “ये है.”

मला फार आनंद झाला. आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण साहेब हसून पुढे म्हणाला, “देखा? साखर का माप. हम बोला था.”

आता सांगतो, माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी चूक. मला गप्प बसता आलं नाही. दोन महिने ‘जी साहेब’ म्हणून गिळलेलं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, साखरेचं माप नाही साहेब, साखरच नाही त्यात. आणि मग सांगतच सुटलो. ताडाचं झाड, त्याला घेतलेला छेद, पहाटेचं मडकं, आतला चुना, रस कसा आटवायचा, जळू न देता धूर कसा लागू द्यायचा. हे माझ्या बापाचं काम आहे, असं आमच्या भागात दुसऱ्या कुणाला येत नाही, हे सांगितलं. साहेब पुढे झुकून ऐकत होता. असा तो माझं कधी ऐकत नसे.

“तुम्हारा बाप अभी भी चढता है?” त्याने विचारलं.

“रोज, साहेब,” मी छाती फुगवून म्हणालो.

साहेब दिलाचा खोटा नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने चिठ्ठी लिहिली. दोन ओळी खरडेल असं मला वाटलं होतं, त्याने पान भरून लिहिलं. मध्ये थांबून बाबांचं वय विचारलं. मला त्या चिठ्ठीच्या लांबीचाच अभिमान वाटला. स्टेशनवरच्या तारबाबूला दाखवली असती तर त्याने दोन मिनिटांत वाचून दिली असती. पण तो चहाड्या करणारा, आणि साहेबाने माझ्यासाठी एवढं लिहिलं हे कशाला उगाच कुणाच्या डोळ्यावर येऊ द्या, म्हणून मी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. कुठे शहाणपण करायचं आणि कुठे नाही, हे मला कधी कळलंच नाही.

सुट्टी घेऊन मी गावी गेलो आणि बाबांना घेऊन ठाण्याच्या कचेरीत गेलो. बाबांनी धुतलेलं धोतर आणि लग्नाकार्याचा कोट घातला होता. वाटेत ते बोलत होते, हे मला आजही आठवतं, कारण ते कधी बोलत नसत. परवाना आला की आधी दोन नंबर घ्यायचा, मग सहा नंबर, पाचवा एक वर्ष तसाच राहू द्यायचा, असं झाडांचं सगळं ठरवून झालं होतं.

कारकून मध्यम वयाचा, चष्म्याचा, सभ्य माणूस होता. गोऱ्या साहेबाची चिठ्ठी म्हटल्यावर त्याने आम्हाला बसायला बाक दिलं. मी म्हटलं, यात काय लिहिलंय ते यांनाही कळू दे. त्याने हरकत घेतली नाही. वाचत गेला तसं मराठीत सांगत गेला. हा माणूस इमानी आहे आणि माझ्या नोकरीत आहे. याच्या वृद्ध पित्याने याच मोसमात आपल्या ताडाच्या रसाची केलेली काकवी मी चाखली. असा पदार्थ मी दोन खंडांत कुठे चाखला नाही. हा गृहस्थ पासष्टी उलटूनही रोज पहाटे झाडावर चढतो. असं कसब नष्ट होऊ नये, म्हणून त्याला परवाना द्यावा.

वाचून झाल्यावर त्याने आमचा जुना अर्ज काढला, सात झाडांचे नंबर बघितले आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. “परवाना अजून नाही,” तो म्हणाला. “मग रोज चढतात ते कशावर?”

साहेबाने आमच्यावर एवढी माया केली होती की आमचा गुन्हा त्याने स्वतःच्या हाताने, सहीनिशी लिहून दिला होता, आणि मी तो खिशात घालून कचेरीपर्यंत आणला होता. मी घाईघाईने म्हटलं, “नाही हो, साहेबांचा गैरसमज झाला. ती काकवी मी बाजारातून घेतली होती. साहेब खूश व्हावेत म्हणून बापाचं नाव सांगितलं. हे कसले चढतायत या वयात.”

कारकुनाने बाबांच्या सुकलेल्या अंगाकडे बघितलं. त्याला आम्हाला अडकवायची हौस नव्हती, हे मला स्पष्ट दिसलं. “तसं असेल तर तसं लिहून घेतो,” तो म्हणाला. “विकत आणलेली, साहेबांचा गैरसमज. अर्ज पुढे जाऊ दे.” त्याने टाक उचलला.

“बाजारान मिलते आशी?” बाबा म्हणाले.

मी त्यांचा कोट धरून ओढला. त्यांनी माझा हात बाजूला केला. हळूच केला, पण केला.

“भाऊसाहेब,” ते कारकुनाला म्हणाले, “साहेबानी काकवीचा काय लिवलाय, तेवढा परत वाचा.”

कारकुनाने माझ्याकडे बघितलं. मग ती ओळ पुन्हा वाचली. दोन खंडांत कुठे चाखली नाही. खंड म्हणजे काय, हे बाबांनी विचारलं आणि त्याने समजावून सांगितलं. बाबा मान डोलवत राहिले. तीन वर्षांत त्यांच्या तोंडावर मी असं समाधान पाहिलं नव्हतं, आणि मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की तिथेच उठून निघून जावंसं वाटत होतं.

“खरा लिवलाय त्यानी,” बाबा म्हणाले. “चार लंबरचा झाड.”

कारकुनाने टाक दौतीत बुडवला. मग बाबा म्हणाले तेच लिहिलं.

दुपारी एक शिपाई आमच्याबरोबर गावात आला. चार नंबरच्या झाडावरचं मडकं उतरवायला तो वर चढू शकत नव्हता, म्हणून ते बाबांनीच उतरवून दिलं. मग त्यांनी कंबरेची कोयती सोडली, धोतराला पुसली आणि मूठ शिपायाकडे करून पुढे केली. “धार हाय,” ते म्हणाले, “बेतानं धर.” आई दारात उभी होती. परवाना आम्हाला नंतरही कधी मिळाला नाही. बाबा आणखी नऊ वर्षं जगले आणि त्या नऊ वर्षांत एकाही झाडावर चढले नाहीत.

मी कल्याणला परत गेलो. साहेब व्हरांड्यात बसला होता. मला बघून तो मनापासून हसला आणि चिठ्ठीने काम झालं का, म्हणून विचारलं. दोन महिने त्याला साखर आणि बर्फ समजावता आला नव्हता, तिथे हे काय समजावणार?

“झालं, साहेब,” मी म्हणालो. त्याला बरं वाटलं.